रंगूनचा डबा: बुडावरची अक्षरं कोणी वाचून देईल का? (आणि तुमच्याकडच्या 'तिकडून आलेल्या' वस्तूही सांगा)

मेथीचा_दाणा

आमच्या घरात एक पितळी डबा आहे. कडीचा, तीनेक किलो तांदूळ मावतील एवढा, झाकणाला एका बाजूने पोचा. त्याला आमच्याकडे कुणी डबा म्हणत नाही, 'रंगून' म्हणतात. "रंगून खाली काढ", "रंगूनवर ओलं फडकं ठेवू नकोस" हे ऐकत मी मोठी झाले. भूगोलाच्या तासाला रंगून हे शहर आहे असं कळलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

घरात चालत आलेली गोष्ट अशी: माझे पणजोबा (आईच्या आईचे वडील) तिथे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. जपान्यांनी बॉम्ब टाकल्यावर पणजी दोन लहान मुलींना घेऊन, डोक्यावर हा डबा, ब्रह्मदेशच्या जंगलातून चालत हिंदुस्थानात आली. त्या दोघींतली थोरली म्हणजे माझी आजी. पणजी, पणजोबा, आजी, तिघंही आता नाहीत. डबा आजीकडून आईकडे आला, आणि आईने आता तो माझ्याकडे द्यायचं काढलंय. म्हणून पहिल्यांदाच उलटा करून नीट पाहिला.

बुडावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत. 'ग. भा.' स्पष्ट वाचता येतं. पुढची चार-पाच अक्षरं घासून गेली आहेत. खालच्या ओळीत 'रंगून' आणि 'श १८५९'. पणजोबांचं नाव गणेश, त्यांच्या वडिलांचं भास्कर. म्हणजे ग. भा. जुळलं. पुढे आडनाव असणार, पण आमच्या आडनावातलं एकही अक्षर मला त्यात सापडत नाहीये.

तर झिजलेली अक्षरं कशी वाचायची? आणि अशा एका वस्तूवरून घराण्याचं जाणं-येणं कुणी शोधून काढलंय का?

(आत काय असतं असं कुणीतरी विचारणारच. मूठभर साखर. ती वापरायची नाही, मुंग्या लागल्या तर बदलायची. का, तर आजी ठेवायची.)

उगाच_एक

भांड्यांवर नाव घालायची पद्धतच मुळी पंगतीला मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत जावीत म्हणून. तेव्हा पहिला संशय हाच की पणजीबाईंनी कुणाचा तरी डबा आणला आणि परत केलाच नाही. (हलकेच घ्या.)

निमूट

१८५९? म्हणजे सत्तावनच्या बंडानंतर दोन वर्षांनी रंगूनला मराठी रेल्वे क्लार्क? जरा अवघड वाटतं.

मोडीत_निघालो

निमूट, 'श' म्हणजे शके. ७८ मिळवा. १९३७ चा पाडवा ते १९३८ चा पाडवा, या वर्षभरातला हा डबा.

योगायोग बघा. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ ला हिंदुस्थानापासून वेगळा झाला. त्याआधी तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजे पणजोबा गेले असतील ते परदेशात नव्हे, बदलीवर किंवा नोकरी शोधत दुसऱ्या प्रांतात. कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे तीनेक दिवस बोट. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनमधले निम्म्याहून जास्त लोक हिंदी (म्हणजे हिंदुस्थानी) होते. त्यात तामिळ, तेलुगू, बंगाली, ओडिया, गुजराती भरपूर, आपली माणसं चिमूटभर. पणजोबा आपल्याच देशात राहत होते, आणि एका तारखेला ते राहते घर न बदलता परदेशात राहायला लागले.

घराण्याचा शोध घेताना हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या. नाहीतर पासपोर्ट शोधत बसाल आणि तो कधी काढलेलाच नसेल.

कल्हई_चिमटा

आमचा भांड्यांचा धंदा. मी तिसरी पिढी, आणि बहुधा शेवटची.

तुटक ठिपक्यांची अक्षरं म्हणजे हाताने, छिन्नी-हातोडीने घातलेलं नाव. विजेवरच्या यंत्राने घातलेलं नाव सलग रेघेचं असतं. तेव्हा शके १८५९ खोटं वाटत नाही.

वाचायचं कसं: बूड कोरडं करा, खोलीत अंधार करा आणि बॅटरी अगदी आडवी, बुडाला जवळजवळ टेकवून धरा. प्रकाश समोरून टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की प्रत्येक ठिपक्याची सावली पडते. चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर पातळ पतंगी कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवा.

आणि हात जोडून सांगतो, चिंच-राखेने घासू नका. पॉलिशला तर मुळीच देऊ नका. बफ मारला की डबा सोन्यासारखा दिसतो आणि अक्षरं जातात. लोक दुकानात येतात, "आजीची आठवण आहे, एकदम चकाचक करून द्या" म्हणतात. मी आधी उलटं करून विचारतो, हे नाव राहू द्यायचं ना? निम्म्यांना नाव आहे हेच माहीत नसतं.

सुगरण_पक्षी

अक्षरांत रांगोळी भरून पुसली तर छान उठून दिसतात. आमच्या देवघरातल्या घंटेवर मी तसंच केलं.

कल्हई_चिमटा

रांगोळी नको ताई, दगडाचा चुरा तो, चरे पाडतो. टाल्कम पावडर घ्या.

घाटवाटा

धागा आवडला, पण चालत आल्याची गोष्ट मला पटत नाहीये.

रंगूनवर पहिला हल्ला २३ डिसेंबर १९४१ चा, दुसरा नाताळच्या दिवशी. ८ मार्च १९४२ ला शहर पडलं. या अडीच महिन्यांत आणि त्यानंतर चार-पाच लाख हिंदी लोक बाहेर पडले असा अंदाज दिला जातो. चालत येण्याचे मुख्य रस्ते दोन. एक प्रोमहून डोंगर ओलांडून तौंगुपला, आणि आराकानच्या किनाऱ्याने चितगावकडे. दुसरा मंडालेकडून चिंदविन नदी उतरून कलेवा, तामू, पालेल, इंफाळ आणि शेवटी दिमापूरचं रेल्वे स्टेशन. वाटेत कॉलरा, मलेरिया, पाण्याची वानवा, आणि मे महिन्यानंतर पाऊस. लोकांनी अंगावरच्या कपड्यांपलीकडचं सगळं वाटेत टाकलं.

दोन लहान मुली कडेवर-बोटाला, आणि डोक्यावर रिकामाच दीड-दोन किलोचा पितळी डबा? सह्याद्रीत दोन दिवसांच्या भटकंतीला आम्ही टूथब्रशचा दांडा कापून वजन कमी करतो.

जानेवारी-फेब्रुवारीत बोटींनीही पुष्कळ लोक कलकत्त्याला आणि मद्रासला आले. माझा अंदाज, डबा बोटीने आला.

सुगरण_पक्षी

घाटवाटा, आईच्या अंगात काय बळ येतं याचा अंदाज टूथब्रशवरून बांधू नये.

घाटवाटा

मान्य. तरीही डबा बोटीने आला.

ट्रंकेतली_बाई

'तिकडून आलेली वस्तू' म्हणाल तर आमची नैरोबीची ट्रंक. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या ऑइल पेंटने आजोबांचं नाव आणि 'मोंबासा – मुंबई'. बाजूला एक अर्धवट फाटलेलं लेबल: 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. लहानपणी मला वाटायचं की ही ट्रंक कुणालाच नको होती आणि आजीने हट्टाने आणली. पुढे कळलं की जे सामान प्रवासात लागणार नाही, बोटीच्या तळाशी ठेवायचं, त्यावर ते लेबल लावत. आजी मात्र शेवटपर्यंत कुणावर रागावली की म्हणायची, "मी तर काय, नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज!"

केनियात १९६७ साली कायदा झाला आणि ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं त्यांना नोकरीसाठी परवाना लागू लागला. आजोबांना तो मिळाला नाही. १९६८ ला बोटीने परत. युगांडासारखं ९० दिवसांत हाकललं नाही (ते १९७२), पण आजोबा म्हणत, "त्यांना निदान तारीख तरी मिळाली."

ट्रंकेत काय होतं? स्वेटर. मुंबईत. अजून आहेत.

वाय_सिरीज

आमचं कराची. आणि वस्तू म्हणजे सिंगरचं शिलाई मशीन, हाताने फिरवायचं.

याबाबतीत आम्ही नशीबवान, कारण सिंगरवर क्रमांक असतो. उजव्या हाताला पाट्यावर ठोकलेला. आमचा 'वाय' ने सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातला, १९२० ते ३० च्या दशकांतला. घरात सगळ्यांची समजूत होती की हे मशीन आजीला १९४६ च्या लग्नात मिळालं. मग आधीची वीस वर्षं मशीन कुणाकडे होतं? शोधता शोधता कळलं की ते आजीच्या सासूचं. ती कराचीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे परकर-पोलकी शिवून घर चालवायची, कारण पणजोबांचा नोकरीवर फारसा विश्वास नव्हता. 'लग्नात मिळालं' हे नंतरचं सोवळं रूप. घरची बाई पैशासाठी शिवत होती हे सांगायचं नव्हतं कुणाला.

मोडीत_निघालो यांनी म्हटलंय तेच कराचीचं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, कराचीला बदली म्हणजे बेळगावला बदली झाल्यासारखी. तिथल्या नामांकित शाळेलाच नारायण जगन्नाथ वैद्यांचं नाव आहे, आजही. आमचे लोक फाळणीनंतरही थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बोट पकडली.

मशीन अजून चालतं. मी त्यावर उशांचे अभ्रे शिवते. पैसे कुणी देत नाही.

कोकणकडा_खालून

एक शंका. हे सगळं रंगून, कराची, नैरोबी चाललंय. राजापूरच्या खेड्यातून गिरणगावात आलेलं जातं इथे चालेल का? की त्याला व्हिसा लागतो?

आमची आजी ते बोटीतून घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरली होती. चाळीतली दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ, त्यात जातं. आजोबा म्हणाले, कोपऱ्यावर गिरणी आहे. आजी म्हणाली, "गिरणीत तुम्ही जा." पिठाच्या आणि कापडाच्या गिरणीवरचा हा विनोद आमच्याकडे चार पिढ्या चाललाय. ८२ च्या संपात घरातलं बरंच काही विकलं गेलं. जातं कुणी घेतलं नाही म्हणून राहिलं.

निमूट

स्थलांतर आणि देशांतर वेगळं. धागा देशांतराचा आहे.

कोकणकडा_खालून

वरतीच दोघांनी सांगितलं की रंगून आणि कराची तेव्हा देशातच होते. माझी आजी जास्त लांब आली, तिला मुंबईची भाषा येत नव्हती.

तंजावूरची_सून

+१. आमच्या सासरची माणसं व्यंकोजीराजांच्या वेळेपासून तंजावुरात आहेत. साडेतीनशे वर्षं होत आली. घरात जी मराठी बोलतात ती मला लग्नानंतर सहा महिने कळत नव्हती, आणि माझी ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या की हिचं मराठी अशुद्ध आहे. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याचा भलामोठा मराठी शिलालेख आहे, तो दाखवताना सासरे असे उभे राहायचे की जणू काल कोरून घेतलाय. तरी शेजारी अजून 'मराठीवाले आलेत' असंच म्हणतात. आलेत!

(कृपया कोणीही सांबाराची गोष्ट काढू नये. मी थकले आहे.)

उगाच_एक

मी काढणारच होतो.

मोडीत_निघालो

बरं, मूळ प्रश्नाकडे. वस्तूवरून घराणं शोधायचं तर वस्तू हा साक्षीदार धरायचा आणि घरातली गोष्ट हा दुसरा साक्षीदार. दोघांचं जिथे जुळत नाही तिथे खणायचं. जुळतं तिथे काही मिळत नाही.

कागद कुठे मिळतील: मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख खातं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं, ब्रह्मदेशातून आलेल्यांबद्दलच्या सरकारी फायली तिथे आहेत. तुमच्या कुळाचा कुलवृत्तांत छापला गेला असेल तर तो, फक्त त्यात लेकी-सुनांबद्दल अर्धी ओळ असते हे लक्षात ठेवा. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात, आणि तुमच्या खापरपणजोबांची स्वतःच्या हातची नोंद समोर येते. मोडीत असेल, तेव्हा वाचणारा बरोबर न्या. परत आलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन वर्षांत तीर्थाला जातो. तिथे तो कुठून आलो ते सांगतो.

दर्यापार

मी मॉरिशसहून. माझी मराठी पुस्तकी आहे, चूकभूल माफ करा.

तुम्हा सर्वांकडे वस्तू आहेत. आमच्याकडे वस्तू नाही, एक नंबर आहे. आमचे पूर्वज मुंबईहून जहाजाने गिरमिटावर (म्हणजे मजुरीच्या करारावर) उसाच्या मळ्यात आले. प्रत्येकाला नंबर मिळायचा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपल्या आहेत. नाव, वडिलांचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. माझ्या खापरपणजोबांची खूण: डाव्या भुवईवर व्रण. गावाचं नाव कारकुनाने कानाने ऐकून लिहिलं आहे. मी कोकणच्या नकाशावर ते अकरा ठिकाणी शोधलं. तीन गावं जुळतात. तिन्ही गावांत मी जाऊन आलो. तिन्ही ठिकाणी लोकांनी चहा दिला आणि म्हणाले, हो हो, आमचेच.

सुगरण_पक्षी

दर्यापार, हे वाचून थांबले दोन मिनिटं.

मेथीचा_दाणा

सगळ्यांचे आभार. काल रात्री अंधार करून बॅटरी लावली. फोटो चढवलेत, बघा. टाल्कम पावडरही केली (रांगोळी नाही, कल्हई_चिमटा!). 'भा.' नंतरच्या जागेत मला 'र' दिसतो, मग 'का' आणि शेवटी 'बा'. 'ग' च्या डोक्यावर एक ठिपका जास्तीचा आहे, तो पोचा असावा.

वाय_सिरीज

मेथी, तो पोचा नाही. तो अनुस्वार आहे!

'ग. भा.' नाही, 'गं. भा.' आहे. गंगा भागीरथी. विधवेच्या नावाआधी लावायचे. आमच्या पणजीच्या सगळ्या कार्डांवर असायचं. आणि शेवटी 'बा' नंतर 'ई' असणार. हे आडनाव नाहीच, बाईचं नाव आहे.

निमूट

ठिपक्यांनीच काढलेल्या अक्षरात एक ठिपका जास्त म्हणून थेट अनुस्वार? उद्या झाकणावरच्या पोच्याला चंद्रबिंदू म्हणाल.

कल्हई_चिमटा

फोटो मोठा करून पाहिला. पोचा आपटून होतो, तो पसरट असतो आणि मागच्या बाजूला उमटतो. हा खोल, टोकदार, बाकीच्या ठिपक्यांच्याच छिन्नीचा आहे. वायताईंचं बरोबर. अनुस्वार.

मोडीत_निघालो

आणि '…रकाबाई'. आधी जोडाक्षरासाठी जागा सुटलेली दिसते. द्वारकाबाई. मेथी, पणजीचं नाव काय होतं?

मेथीचा_दाणा

सरस्वती. आणि पणजोबा १९६३ पर्यंत होते. पणजी त्यांच्या आधी गेली, सवाष्ण. तिच्या नावापुढे गं. भा. कधीच लागलं नाही.

म्हणजे हा डबा आमचा नाहीये?

उगाच_एक

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं ते नम्रपणे निदर्शनास आणतो.

घाटवाटा

शक्यता बऱ्याच आहेत. मोडीत घेतलेला असू शकतो, कुणी गहाण टाकलेला असू शकतो, पणजोबांची आई किंवा मावशी तिथे राहत असेल. एकदम निष्कर्ष नको. पण १९३७ साली रंगूनमध्ये एक मराठी विधवा बाई स्वतःच्या नावाने डबा घेते आणि त्यावर नाव घालून घेते, हे मला जास्त लक्षवेधी वाटतं. नवऱ्याच्या नाही, मुलाच्या नाही, स्वतःच्या नावाने.

तंजावूरची_सून

घाटवाटा, हेच लिहायला आले होते. आणि नाव घालणारा कारागीर रंगूनमध्ये देवनागरी अक्षरं काढणारा होता, हेही.

ट्रंकेतली_बाई

अवांतर: आपल्याकडे मंडाले म्हटलं की लोकमान्य आणि थिबा राजा म्हटलं की रत्नागिरी, एवढ्यावर ब्रह्मदेश संपतो. आत कुणी द्वारकाबाई होत्या हे कुठल्या पुस्तकात येत नाही.

मेथी, धाकटी मुलगी कोण होती? 'दोन लहान मुली' म्हणालीस ना?

मेथीचा_दाणा

धाकटी म्हणजे आमची मावशीआजी. आहे! नव्वदी ओलांडलीय, धुळ्याला लेकाकडे असते. ऐकू कमी येतं म्हणून फोनवर बोलणं होत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला कधी कुणी विचारलंच नाही, गोष्ट नेहमी आजीच सांगायची. थोरली म्हणून तिचा मान.

वाय_सिरीज

मग इथे काय करतेयस? धुळ्याची गाडी पकड. डबा घेऊन जा. फोटो नको, डबाच.

सुगरण_पक्षी

+१००

निमूट

+१. (हो, मीसुद्धा.)

कोकणकडा_खालून

मध्यंतरी माझं जातं मोजलं. एकोणीस किलो. घाटवाटा, काय ते टूथब्रश घेऊन या.

मेथीचा_दाणा

जाऊन आले. लांबलचक आहे, गोड मानून घ्या.

मावशीआजीला काही न सांगता डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने आधी कडी दोनदा वाजवली. मग म्हणाली, "अगंबाई, काकूंचा डबा. दिला नाही का अजून?"

अजून! मी आणि मामा एकमेकांकडे बघत राहिलो.

मग तुकड्यातुकड्यांनी आलं ते असं. त्या राहत त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू खानावळ चालवायच्या. जेवायला सगळे एकटे राहणारे मराठी पुरुष. कुणी रेल्वेतले, कुणी पोस्टातले, एक लाकडाच्या वखारीवरचा. पांढरी माणसं जेवतात तसं टेबल आणलं होतं काकूंनी, पण त्यावर बसून कुणी जेवत नसे, पोळ्या लाटायला वापरायच्या. हे सांगताना ती खूप हसली. बॉम्ब पडले त्यानंतर जेवणारे सगळे पांगले. पणजोबांना रेल्वेने सोडलं नाही, पण बायको-मुलींची जानेवारीत कलकत्त्याच्या बोटीची तिकिटं त्यांनी कशीबशी मिळवली. निघायच्या सकाळी काकू हा डबा भरून घेऊन आल्या. बेसनाचे लाडू. म्हणाल्या, मुलींना बोटीवर होतील. पणजीने विचारलं, आणि डबा? तर म्हणाल्या, पुढच्या बोटीने मी येतेच आहे, कलकत्त्याला दे.

तेव्हा घाटवाटा, डबा बोटीने आला. तुम्ही जिंकलात. पण गोष्टही सगळी खोटी नाही. चालत आले ते पणजोबा, तामूच्या वाटेने. दिमापूरला पोचले तेव्हा मे उजाडला होता आणि त्यांना दाढीमुळे मुलींनी ओळखलं नाही. ते त्याबद्दल कधीच एक शब्द बोलले नाहीत. न बोललेली गोष्ट बहुतेक आजीने उचलून पणजीला आणि डब्याला देऊन टाकली. दोन प्रवास होते, सांगताना एक झाला.

कलकत्त्यात त्या तिघी एका ओळखीच्यांकडे राहिल्या. पणजी रोज कुणाला तरी विचारायची, रंगूनची बोट आली का. मार्चमध्ये रंगून पडल्याचं कळलं, तेव्हा विचारायची थांबली.

मी विचारलं, मग साखर? मावशीआजीने माझ्याकडे असं पाहिलं की मी अगदीच वेडी आहे. "दुसऱ्याचा डबा रिकामा परत देतात होय? काकू कधीही आल्या असत्या."

सुगरण_पक्षी

...

ट्रंकेतली_बाई

मेथी. काही सुचत नाहीये.

कल्हई_चिमटा

पॉलिशला देऊ नका म्हटलं होतं ते बरं झालं.

मोडीत_निघालो

आता शोध उलट दिशेने घ्यायला हवा. द्वारकाबाई, रंगून, शके १८५९, खानावळ. अभिलेख पटलावर बघतो. पण आडनाव किंवा निदान गाव मिळालं तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत काही सापडू शकतं. त्या चालत आल्या असतील, नंतर युद्ध संपल्यावर आल्या असतील, तिथेच राहिल्याही असतील. काही लोक परत गेले आणि १९६४ ला तिथली दुकानं सरकारजमा झाल्यावरच आले. मावशीआजींना आडनाव विचारलंत का?

मेथीचा_दाणा

विचारलं. दोनदा. जोरात ओरडून. म्हणाली, "आम्ही काकू म्हणायचो." द्वारका हे नावसुद्धा तिने आत्ता माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. दिवसभर मध्येमध्ये पुटपुटत होती, द्वारका, द्वारका.

एवढं मात्र आठवलं की लाडवात वेलदोड्याऐवजी जायफळ असायचं. यावरून गाव निघत असेल तर सांगा.

कोकणकडा_खालून

जायफळ म्हणजे आमच्याकडच्या! पण दर्यापारच्या तीन गावांसारखं होईल, सगळेच म्हणतील आमच्याच.

दर्यापार

चहा मात्र नक्की मिळेल.

निमूट

डबा आता कोणाकडे?

मेथीचा_दाणा

माझ्याकडे, ओट्याच्या वरच्या फळीवर. मावशीआजीने साखर काढायला लावली आणि लाडू भरून दिले. बेसनाचे, जायफळ घालून, सुनेला समोर बसवून करून घेतले. आठ होते. सात संपले.

उगाच_एक

मेथी, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. उगाच बोललो.

मेथीचा_दाणा

राहू दे रे. तूच एकटा बरोबर होतास.